वादात साक्षीदार नसतात

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की मला जेवण जात नाही. घरी सगळ्यांना वाटतं, उन्हाचा त्रास. नागपुरात हे एक बरं असतं; एप्रिल-मेमध्ये कुठल्याही दुखण्याला ऊन हे कारण चालून जातं. आई कैऱ्या उकडून पन्हं करते, पेला पुढे सरकवते. मी तो रिकामा करते, डोक्याला दुपट्टा गुंडाळते आणि तंत्रनिकेतनात निघते. तिथे तोंडी परीक्षा सुरू असतात.

व्हरांड्यात मुलं रांगेनं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात वर्षभर खपून केलेलं काहीतरी असतं. कुणाचा रेडिओ, कुणाची घंटा, कुणाचं विजेवरचं घड्याळ. वर टॉवेल झाकलेला, तान्हं मूल दवाखान्यात आणताना झाकतात तसा. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असतात आणि शिपाई त्यांच्यावर बादलीनं पाणी मारत फिरतो. ओल्या वाळ्याचा गार वास आणि सोल्डरिंगच्या जळक्या राळेचा उग्र वास एकमेकांत मिसळतात. तो वास नाकात शिरला की नऊ वर्षं शिकवणारी बाई माझ्यातून निघून जाते. मी पुन्हा एकवीस वर्षांची होते. दाराबाहेर उभी असते, आणि आत वत्सला असते.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका तंत्रनिकेतनात परीक्षक म्हणून गेले होते. सकाळपासून अकरा मुलगे होऊन गेले. बारावी एक मुलगी आली, दोन वेण्या घातलेली. तिनं तापमान मोजणारं एक छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. काम सुबक होतं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "हे तूच केलंस? की घरी कुणी मदत केली?"

आधीच्या अकरा जणांना मी हे विचारलं नव्हतं. मुलीचे कान लाल झाले. "मीच केलं, मॅडम," ती म्हणाली. मी तिला भरपूर गुण दिले. मग बाहेर जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. गुण दिले खरे, पण प्रश्न विचारून झाला होता. तो माझ्या तोंडात कुणी ठेवला हेही मला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तो मी तिथे सांभाळून ठेवला होता हेही.

आमच्या वर्गात मुली दोनच होत्या. मी आणि वत्सला. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि हवेत एक वेगळीच धग होती. जो तो मंडळ काढत होता, पत्रकं वाटत होता, चौकात उभा राहून बोलत होता. आमचंही एक मंडळ होतं. लकडगंजात एका लाकूडव्यापाऱ्यानं आम्हाला गोदामावरची खोली दिली होती. खाली दिवसभर आरा चालायचा. समतेवरचं कुठलंही भाषण त्या घरघरीतून ओरडूनच करावं लागे, आणि बोलून उठलं की केसांत भुसा असे. वस्तीत नळ यावा म्हणून मोर्चे, कामगारांच्या मुलांसाठी वर्ग, चौकसभा अशी आमची कामं. आम्ही वीसेक जण होतो, त्यांत मुली पाच. चहा कोण करतं, पत्रकांचं स्टेन्सिल कोण कापतं, सभेनंतर सतरंज्या कोण घडी करतं, हे कधी कुणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं.

वत्सला काटोलकडच्या एका खेड्यातली. वडील शेती करायचे. लकडगंजातच तिचे मामा राहत, त्यांच्याकडे राहून ती शिकत होती. काळीसावळी, हाडापेरानं मोठी, हसली की हिरड्या दिसायच्या म्हणून हसताना पदर तोंडाशी न्यायची. मी प्रतापनगरच्या नव्या वसाहतीतली, कारकुनाची मुलगी, शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी. माझ्याकडे भाषा होती, तिच्याकडे हात होते. बिघडलेला रेडिओ ती कानाशी न्यायची, नुसता हलवून बघायची आणि म्हणायची, "याचं पोट साफ आहे. घसा धरला याचा." आणि खरोखर बिघाड स्पीकरमध्येच निघायचा.

त्या हिवाळ्यात मंडळाला ध्वनिवर्धकाची फार गरज होती. भाड्याचा परवडत नव्हता आणि आऱ्यापुढे घसा टिकत नव्हता. वत्सला म्हणाली, "मी बनवून देतो." तिच्याकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, जातो, येतो, करतो. मंडळातली मुलं त्यावर हसायची. ती हसू द्यायची.

दर रविवारी आरा बंद असे. मग आम्ही दोघी दुपारी त्या खोलीत बसायचो. जुन्या बाजारातून आणलेल्या मोडक्या रेडिओंमधून ती सुटे भाग काढायची. मी तारा सोलून द्यायची, ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजायची, चुकले की पहिल्यापासून मोजायची. तीन आठवडे त्या यंत्रातून नुसती गुणगुण येत होती, माशी अडकल्यासारखी. तिनं सगळं करून पाहिलं. चौथ्या रविवारी ती वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन आली. त्याचा पत्रा कापला, आतल्या एका भागाभोवती कोटासारखा गुंडाळला आणि सोल्डरच्या एका टाक्यानं अर्थिंगच्या तारेला जोडला. गुणगुण थांबली. इतकी पूर्ण शांतता झाली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिनं माइक हातात घेतला आणि त्यात हळूच म्हटलं, "कुंदा, ऐकू येऊन राहिलं काय वं?"

माझं नाव त्या सगळ्या खोलीभर झालं.

खोक्याच्या झाकणाला आतून तिनं सर्किटची आकृती काढून चिकटवली. म्हणजे ती नसताना बिघडलं तर कुणालाही दुरुस्त करता यावं. मी म्हटलं, "खाली नाव टाक ना."

"नाव काहून? आपलंच तं आहे सारं."

मंडळावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सुधाकर आमच्याच वर्गात होता आणि मंडळाचा चिटणीसही. वाईट माणूस नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं, आणि का वाटतं याचाच मला संताप येतो. उंच, मृदू आवाजाचा, स्वतःच्या डब्यातली भाजी दुसऱ्याला देणारा. वस्तीतल्या म्हाताऱ्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडायच्या. मला तो एकदा म्हणाला होता, "कुंदा, तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस. तुझ्याशी मुद्द्याचं बोलता येतं." हे वाक्य मी कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपले. बाकीच्या मुली म्हणजे कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. वर्गात माझ्याखेरीज एकच मुलगी होती.

अखेरच्या वर्षाला प्रत्येकानं एक वस्तू स्वतः बनवून परीक्षेत दाखवायची असे. वत्सलानं तोच ध्वनिवर्धक लहान आकारात, नव्या भागांनी, सुधारून बनवला. आडनावांच्या क्रमानं सुधाकरची तोंडी आदल्या दिवशी होती, आमची दोघींची दुसऱ्या दिवशी. सुधाकरनं काय केलंय ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची परीक्षा आटोपल्यावर वर्गात बातमी आली की बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यावर बेहद्द खूश आहेत. त्यानं ध्वनिवर्धक केलाय, आणि गुणगुण घालवायला डब्याच्या पत्र्याचा कोट घालण्याची कल्पना तर त्यांनी चार जणांना बोलावून दाखवली.

वत्सलानं हे ऐकलं तेव्हा ती पाणी पीत होती. पेला तिनं नीट जागेवर ठेवला. "झाकणावरून उतरवलं त्यानं," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती आत गेली. बाहेर पारा चढत होता. ताट्यांवर पाणी मारलं की सुकत होतं. मी दाराशी उभी होते, माझा क्रम तिच्यानंतरचा. आतून परीक्षकांचा आवाज आला, "हे काल पाहिलंय आम्ही. जसंच्या तसं." मग आमच्या विभागप्रमुखांचा आवाज. मग वत्सलाचा आवाज, "मी केलं, सर. पयले मीच केलं." आणि कुणीतरी हसलं. 'पयले' या शब्दाला हसलं असावं.

ती बाहेर आली तेव्हा तिचं यंत्र तिच्या छातीशी होतं आणि टॉवेल आतच राहिला होता.

"म्हणतात, लिहून दे का नक्कल केली. मंग पास करतात. सर म्हणाले, पोरीचं नुकसान नको."

"मग?"

"काहून लिहू वं? केली नाही तं काहून लिहू?" तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता, अशा उन्हात. "तू सांग ना अंदर जाऊन. तू तं होती तिथं. वेढे तूच मोजले."

मी म्हणाले, "माझी तोंडी होऊ दे. झाली की सांगते."

आत माझी तोंडी वीस मिनिटं चालली. सगळी उत्तरं आली. परीक्षक म्हणाले, "शाब्बास. मुली मनात आणलं तर करू शकतात." विभागप्रमुख माझ्याकडे पाहून कौतुकानं हसले. आता सांगायचं, असं मी मनात म्हटलं. समोर सरबताचे पेले होते, त्यांच्यावर लिंबाच्या बिया तरंगत होत्या. त्या बिया मला आजही दिसतात, तीन एका पेल्यात, एक दुसऱ्यात. मी नमस्कार केला आणि बाहेर आले.

वत्सला भिंतीला टेकून उभी होती. "सांगितलं?"

"ते घाईत होते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला. तिनं लिहून दिलं नाही आणि ती नापास झाली.

पुढे तिनं ते मंडळात मांडलं. मे महिना लागला होता. डांबर इतकं मऊ झालेलं की चपलेचे ठसे उमटत. खाली आऱ्यावर काम करणारे लोक दुपारी कांदा खिशात ठेवून फिरत, लू लागू नये म्हणून. वत्सला उभी राहिली आणि तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. सुधाकर खाली मान घालून ऐकत होता. तिचं झाल्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर्किट पुस्तकांतून सगळ्यांनाच सापडतं. एकाच विचारापर्यंत दोघं पोचू शकतात. पण हे व्यक्तिगत पातळीवर आणायला नको. वत्सलाताईंनी खरं तर मोठा प्रश्न उभा केलाय. आपण त्यावर तत्त्व म्हणून चर्चा करू."

कुणाला तरी ही कल्पना फार आवडली. जाहीर वादविवाद घ्यायचं ठरलं. विषय लिहिला गेला: 'तंत्रशिक्षणात व परिवर्तनाच्या चळवळीत स्त्री-पुरुष भेद अद्याप उरला आहे काय?' त्या 'उरला' शब्दाकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. उरला आहे का असं विचारलं की बराचसा गेला हे आधीच मान्य होऊन जातं. मग राहतो तो शिल्लक किती याचा हिशेब, आणि ज्या बाईचा हात आत्ता दारात चिरडतोय तिला त्या हिशेबासाठी थांबावं लागतं.

'उरला आहे' या बाजूनं वत्सला बोलणार होती. 'उरला नाही' या बाजूला सुधाकरनं माझं नाव सुचवलं. "मुलग्यानं बोललं तर मुलगे विरुद्ध मुली असं दिसेल. आणि कुंदाशिवाय एवढं तयारीनं बोलणार कोण?"

मी नाही म्हणू शकले असते. एवढं सोपं होतं ते. कुणी माझ्या डोक्याशी बंदूक धरली नव्हती, बाबा रागावणार नव्हते, नोकरी जाणार नव्हती. वीस माणसांच्या खोलीतली माझी जागा तेवढी गेली असती. मी मुद्दे काढायला बसले. वत्सलाला सांगितलं, "अगं, वादविवाद म्हणजे नुसती बाजू असते. मनापासून थोडंच असतं ते?"

"बोल ना," ती म्हणाली. "मले काय. खरं तं तुले माहीत आहे."

एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी सहाला कार्यक्रम झाला. भिंतींतून दिवसभराची आच येत होती. शेदीडशे माणसं हातातल्या पत्रकांनी वारा घेत होती. व्यासपीठावर परीक्षक म्हणून तीन गृहस्थ, शेजारी विजयी वक्त्यासाठी ढाल. ध्वनिवर्धक अर्थातच मंडळाचा. माझा आवाज त्या संध्याकाळी सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला तो तिनं केलेल्या यंत्रातून पोचला, आणि मला हे तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

वत्सला आधी बोलली. कागद आणला होता, पण त्याकडे तिनं पाहिलं नाही. "आमी चहा बनवतो तं तुमी पेता. आमी मशीन बनवली तं म्हणता, कोणाची पाहून बनवली?" पहिल्या रांगेत हसू फुटलं. ती थांबली, पुन्हा बोलू लागली, वाक्य सापडेना. मागून एक जण ओरडला, "पुरावा काय?" तेव्हा तिनं माझ्याकडे बोट केलं. बोट कसलं, सगळा हातच पसरला, काही देताना पसरतात तसा. "कुंदाले विचारा ना. ती होती तिथं. ती सांगते."

आणि ती खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. आपलं काम झालं, आता कुंदा सांगेल.

मी माइकपाशी गेले. सभागृह एकदम गप्प झालं. त्या गप्पपणाची मला आयुष्यभर सवय होती, तो मला आवडत असे, त्यात मी पोहत असे. माझ्यापुढे दोन वाक्यं होती. 'होय, मी होते. ते तिचंच आहे.' सहा शब्द. सुधाकर दुसऱ्या रांगेत होता. तो माझ्याकडे पाहत होता. धमकी नव्हती त्याच्या डोळ्यांत, विनवणीही नव्हती. खात्री होती.

मी म्हणाले, "अध्यक्षमहाराज, वादात साक्षीदार नसतात, मुद्दे असतात."

टाळ्या पडल्या. त्यापुढचं सगळं उतारावरच्या सायकलीसारखं आपोआप झालं. तारेतला प्रवाह हात बाईचा की पुरुषाचा हे विचारत नाही, असं मी म्हणाले. मीही याच वर्गात शिकले, मला कुणी अडवलं नाही, असं म्हणाले. गुणवत्तेला लिंग नसतं, हेही म्हणाले. आणि शेवटी, घंटा होता होता, तयारीत नसलेलं एक वाक्य मला जागेवर सुचलं. "आपल्या अपयशाचं कारण ज्याला बाहेरच शोधायचं असतं, त्याला ते नेहमी सापडतं."

लोक उभे राहिले. ढाल मला मिळाली. परीक्षकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, ही मुलगी म्हणजेच भेद उरला नसल्याचा पुरावा आहे. फुलांचा हार फार जड होता आणि त्यात मुंग्या होत्या. त्या मानेवरून खाली उतरत होत्या आणि मी हसत होते. वत्सला कुठे दिसली नाही. तिची खुर्ची रिकामी होती. ध्वनिवर्धक गुंडाळून ठेवायला त्या दिवशी पहिल्यांदाच ती नव्हती, म्हणून मुलांनी तारा तशाच कोंबल्या.

तीन दिवस मी गेले नाही. उन्हाचं निमित्त होतंच. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या मामांकडे गेले. मामी अंगणात कुरडया घालत होती. तिनं वर न पाहताच सांगितलं, "तिचा बाप येऊन घेऊन गेला तिले. म्हणे, एक डाव शिकू दिलं, झालं. आता पुन्हा फीस भरून बसवत नाही."

"काही निरोप ठेवला का माझ्यासाठी?"

मामीनं हातातला सोऱ्या थांबवला. मला वाटलं, काही सांगते आहे. पण तिनं फक्त मोजल्यासारखं मला खालीवर पाहिलं. "नाही वं बाई," ती म्हणाली, "तुमचं नावही नाही काढलं तिनं."

पुढच्या बैठकीत मंडळानं ठराव केला की आपल्या संघटनेत स्त्री-पुरुष समता आहे याबद्दल सभा समाधान व्यक्त करते. ठराव एकमतानं झाला. स्टेन्सिल मी कापलं.

मग सुधाकर पुण्याला नोकरीला गेला. मंडळ दोनेक वर्षांत विरलं. मला आधी शिकवायची नोकरी मिळाली आणि मग त्या नोकरीत मी मुरले. विभागात मी एकटी बाई. स्टाफरूममध्ये कधी विषय निघालाच तर सहकारी चहाचा कप माझ्याकडे करत म्हणतात, "मॅडम आहेत ना आपल्यात, मग भेद कुठे राहिला?" मी त्यांचा पुरावा आहे. त्या सभागृहात मिळालेलं ते पद अजून माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांची नवी मंडळं निघतात, पत्रकं आता बरी छापलेली असतात, आणि दर एकदोन वर्षांनी कुणीतरी तोच विषय घेऊन येतं. भेद उरला आहे का, मॅडम? तुम्ही अध्यक्ष व्हा. मी नाही म्हणते. कारण विचारलं तर प्रकृती सांगते. त्या मुलांत एखादी वत्सला असेल आणि एखादी कुंदा असेल, आणि हार कुठल्या गळ्यात पडणार हे मला आधीच दिसत असतं.

लोकांना वाटतं, असा भेद म्हणजे कुणीतरी उग्र पुरुष दार अडवून उभा आहे. आमच्या दारात कुणीच उभं नव्हतं. सगळे सभ्य होते, समतेची गाणी म्हणणारे होते. दार अडवायला मी पुरले.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, मी बाबांचे तपासणीचे कागद आणायला धंतोलीत एका दवाखान्यात गेले होते. बाकावर जागा नव्हती. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं पिशव्या, पाण्याच्या गडव्यांसकट भिंतीकडेला बसलेली. त्यांत एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला टेकवून बसली होती. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता. बाईनं मुलीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसताना पदर तोंडाशी नेला.

मी जवळ गेले. तिनं मला लगेच ओळखलं. "अगं बाई, कुंदा! बस ना वं," ती म्हणाली आणि सरकून जागा केली. जणू आम्ही गेल्या रविवारी भेटलो होतो. मुलगी झाडावरून पडली, तिनं सांगितलं. नवरा चांगला आहे, कापूस आहे, थोडी संत्र्याची झाडं आहेत, सासू कटकट करते पण जीव लावते. मी विचारलं, "आणि तुझं ते? रेडिओ वगैरे? गावात तर तुझ्याकडे रांग लागत असेल."

"नाही वं. घरचा बिघडला तरी काटोलले पाठवतो."

"का? तू उघडत का नाहीस?"

"मले नाही येत," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुला नाही येत?"

ती मुलीच्या प्लास्टरवरची धूळ बोटानं पुसत होती. आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता. तो असता तर मी सोसला असता, इतकी वर्षं मी त्याचीच तयारी करत होते. "पयले वाटे, येते आपल्याले. मंग तू बोलली ना त्या दिवशी. मी घरी जाऊन लय विचार केला. म्हटलं, कुंदाले तं सारं माहीत आहे. तिनं डोळ्यानं पाह्यलं. आता तीच असं म्हणून राहिली तं मीच कुठून पाहून केलं असंन, अन् विसरली असंन. सारेच म्हणत होते ना. साऱ्यांचं थोडीच चुकते."

"वत्सला," मी म्हणाले, "ते तुझंच होतं. मी खोटं बोलले. सगळं तुझं होतं. डब्याचा पत्रा, सगळं."

एवढ्या गर्दीत मी हे मोठ्यानं बोलले. शेजारचे दोघे वळून पाहू लागले. तिनंही पाहिलं. तिचे डोळे भरून येतील, ती मला मारेल, उठून जाईल, असं काहीतरी होईल म्हणून मी थांबले होते. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी मोजलं जात होतं. वर्षं असावीत.

"मंग तवा काहून नाही बोलली?" तिनं विचारलं. खरोखर माहीत करून घ्यायचं असावं, असं विचारलं.

आतून त्यांचा नंबर पुकारला. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, मुलीला सावरून उभं केलं. मुलीनं माझ्याकडे पाहत विचारलं, "आई, हे कोण होय?"

"माह्या वर्गात होती," वत्सला म्हणाली. "लय हुशार. साऱ्या कॉलेजात हिच्यासारखं कोणी बोलत नसे."

दार लागलं. मी बाहेर तिथेच भिंतीशी बसून राहिले. ती बाहेर आली की काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. एकही वाक्य जुळलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा मी उठून उभी राहिले. माझ्या उत्तराची वाट पाहत ती माझ्यासमोर क्षणभर थांबली, आणि मग मुलीचा चांगला हात धरून उन्हात निघून गेली.